मीडियम रेअर आणि बुधवार

फोनवरच्या मुलीनं लाघवी आवाजात विचारलं, "तुमच्याकडे कुणाला काही डाएटरी रिस्ट्रिक्शन्स आहेत का, मॅम?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे वेळ आहे का?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण खरंच, आमच्या घरात आई सोमवारी खात नाही, कारण त्र्यंबकेश्वर. मंगळवारी नाही, कारण सप्तशृंगी. गुरुवारी स्वामी समर्थ, शनिवारी मारुती. संकष्टी आणि एकादशी आल्याच. माझा नवरा शनिवार पाळत नाही, पण मंगळवार पाळतो, आणि का पाळतो ते आता त्यालाही आठवत नाही. वहिनी दिंडोरीच्या स्वामी समर्थ केंद्रात जायला लागल्यापासून पूर्ण शाकाहारी आहे. बाकीच्यांनी खाल्लेलं तिला चालतं, फक्त हाडं तिच्या बाजूला यायला नकोत. दादाला डॉक्टरांनी लाल मांस बंद केलंय, पण हॉटेलात डॉक्टर नसतात, असं त्याचं म्हणणं. आणि माझे चिरंजीव, वय वर्षं चौदा, मोबाइलवर जे पाहतील तेच खातात.

अण्णांचं मात्र काही नाही. ताटात येईल ते खातात. आणि हा सगळा घाट अण्णांसाठीच होता.

अण्णांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. दादाच्या डोक्यात हॉल, शांत, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, दीडशे पान असं काहीतरी होतं. अण्णा म्हणाले, "हॉल नको. कुठेतरी जेवायला जाऊ." चिरंजीव तोंडातला घास न गिळता ओरडले, "स्टेक!" अण्णांनी पेपरमधून मान वर केली, जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल."

हे 'चालेल' आम्ही नातवाच्या लाडाच्या खात्यात जमा केलं. ज्या माणसानं उभा जन्म नाशिकरोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये काढला, डबा घेऊन गेला, डबा घेऊन आला, त्याला स्टेकचं काय? आम्ही त्यांना काहीतरी नवीन दाखवणार, अशाच थाटात मी पुढचे तीन आठवडे वावरत होते.

पहिली अडचण दिवसाची. वाढदिवस गुरुवारी, म्हणजे बाद. शुक्रवारी दादाला पुण्याहून येणं अशक्य. रविवारी त्या हॉटेलात फक्त बुफे, आणि बुफेत स्टेक कसला मिळतोय? कालनिर्णय घेऊन बसले तर आषाढी एकादशी झाली की गटारीपर्यंत जेमतेम अडीच आठवडे. त्यातली संकष्टी वजा करा. आईचा चातुर्मास तिच्या सोयीनं श्रावणात सुरू होतो, पण एकदा सुरू झाला की कांदासुद्धा घरात येत नाही. लासलगाव एवढं जवळ असून! शेवटी एक बुधवार हाती लागला. लग्नाचा मुहूर्त याहून सोपा असतो, कारण तिथे निदान गुरुजी असतात.

दुसरी अडचण आईनं स्वयंपाकघरातून फेकली. "स्टेक म्हणजे गायीचंच ना?"

मी म्हटलं, महाराष्ट्रात नाही. १९७६चा मूळ कायदा गायीपुरता होता, २०१५ साली त्यात बैल आणि वळूही आले. म्हैस त्यात नाही. म्हणून आपल्याकडे मेन्यूवर नुसतं 'टेंडरलॉइन' लिहिलेलं असतं, आणि विचारलं की वेटर आवाज खाली आणून सांगतो, "बफ, मॅम." बऱ्याच ठिकाणी तेही नसतं. चिकनचा, माशाचा किंवा मशरूमचा स्टेक, नाहीतर लॅम्ब चॉप.

"लॅम्ब म्हणजे बोकड की मेंढी?"

"मेंढी. कोवळी."

"मेंढीला वास येतो," म्हणून आईनं विषय संपवला. आपण ज्याला मटण म्हणतो ते बोकडाचं, हे तिच्या लेखी वादातीत आहे.

खरं सांगायचं तर आमच्या पिढीची स्टेकशी ओळख सिझलरमार्फत झाली. ती धुराची प्लेट मुंबईत १९६०च्या दशकात रुजली, तिथून पुण्याला गेली आणि आमच्यापर्यंत यायला बराच उशीर झाला. कॉलेजरोडला पहिल्यांदा सिझलर खाल्लं तेव्हा मला वाटलं होतं, कोबीच्या पानावर फरफरणारी ती चपटी वडी म्हणजेच स्टेक. ती खिम्याची होती. चिरंजीवांनी हे ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू पॅरिसला जाऊन मनोरा न बघता आले.

मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. स्टेक म्हणजे जनावराच्या स्नायूचा आडवा कापलेला जाड तुकडा. मी पुढे वाचत गेले तर शब्द उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतला निघाला, 'स्टेइक', काठीला टोचून भाजलेलं मांस. माशाचाही स्टेक असतो, म्हणजे काट्यासकट आडवा कापलेला गोल तुकडा. हे ऐकून आई म्हणाली, "मग सुरमईचा काय वेगळा असतो?" खरंच नसतो. आई अलिबागची. साठ वर्षं ती स्टेकच कापत आली आहे. फक्त तिनं त्याला तुकडी म्हटलं.

मांसाचं गणित मात्र मला खरंच रंगतदार वाटलं. आपला खाटीक हाडासकट तुकडे करतो. मांडी, सीना, गर्दन, चाप असं थोडं थोडं सगळं मिसळून देतो आणि वर एक नळी टाकतो. मग आपण कुकरच्या शिट्ट्या मोजतो. स्टेकवाले एकेक स्नायू सुटा करतात. जो स्नायू जनावर चालताना फारसा वापरत नाही, तो मऊ. टेंडरलॉइन पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला असतो, त्याला काम जवळजवळ नाही, म्हणून तो दोन-चार मिनिटांच्या आचेवरही खाता येतो. पायाचा स्नायू दिवसभर राबतो, त्यात चिवट तंतू भरतात. त्याला तास-दोन तास मंद शिजवावं लागतं, तेव्हा कुठे ते तंतू विरघळून रस्सा दाट होतो. आपलं पायाचं सूप त्यावरच उभं आहे.

"म्हणजे आळशी भाग महाग आणि राबलेला स्वस्त?" आईनं विचारलं.

"प्रेसमध्येही तसंच होतं," अण्णा म्हणाले. त्या तीन आठवड्यांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण.

चिरंजीवांना घरी सराव करायचा होता. आईचा बिडाचा तवा त्यांनी ताब्यात घेतला आणि ऑनलाइन मागवलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर चापाच्या तुकड्यात खुपसला. रेअर म्हणजे आतलं तापमान पन्नासच्या आसपास, मीडियम रेअर चोपन्न-पंचावन्न, मीडियम साठ, आणि सत्तरच्या पुढे गेलं की वेल डन, जे त्यांच्या मते पाप आहे. आईनं दारातून पाहिलं. "ताप आलाय का त्याला?" तुकडा कापला तर आत गुलाबी, आणि ताटात लालसर पाणी. आई मागे सरली. ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन असतं, रक्त तर कापतानाच निघून जातं, हे मी तिला परोपरीनं सांगितलं. तिनं तो तुकडा उचलून रस्श्यात टाकला आणि दोन शिट्ट्या काढल्या.

एका बाबतीत मात्र आईचा विजय झाला. वरच्या खरपूस पापुद्र्यानं आतला रस कोंडला जातो असं चिरंजीव सांगत होते. ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं रूढ केली आणि ती चुकीची आहे. तो पापुद्रा पाणी अडवत नाही. त्यानं येते ती चव, प्रथिनं आणि साखर कडक आचेवर एकमेकांत मिसळून तपकिरी होतात तेव्हाची. मायार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ साली ते मांडलं. आई शांतपणे म्हणाली, "मग आपण काळ्या मसाल्याला कांदा-खोबरं भाजतो ते वेगळं काय करतो?" मायारसाहेब बिचारे आमच्या गॅसजवळ थोडा वेळ उभे राहिले असते तर काम लवकर उरकलं असतं.

काटा-सुरीचाही सराव झाला. आईनं दोन मिनिटांत सोडून दिला. अण्णांनी काटा डाव्या हातात, टोकं खाली, आणि सुरी उजव्या हातात धरून पोळीचा तुकडा असा नीट कापला की मी म्हटलं, "अण्णा, हे कुठे शिकलात?" ते म्हणाले, "प्रेसमध्ये परदेशी इंजिनिअर यायचे ना, मशिनी जुळवायला." मला पटलं. तिथे मी थांबले ही माझी चूक.

तो बुधवार उजाडला तो पावसातच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं आणि सकाळपासून घरच्या ग्रुपवर दुतोंड्या मारुतीचे फोटो येत होते. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. नाशिकात गोदेच्या पुराची मोजपट्टी हीच. मारुती कुठवर बुडाला ते बघून माणसं ठरवतात, बाहेर पडायचं की नाही. दादा म्हणाला, रद्द करू. आई म्हणाली, "पुढचा बुधवार अमावास्येचा आहे, मग श्रावण." झालं, निघालो. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे पाऊण तास अडकलो. पाऊस नसता तरी अडकलोच असतो.

हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण त्यांनी आमचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी दिलं होतं आणि केकवर अण्णांच्या नावाऐवजी 'हॅपी अॅनिव्हर्सरी' लिहून आणलं. आईनं ते वाचलं आणि मजेत म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?" मेन्यू जाड पुठ्ठ्याचा, दिवे इतके मंद की तो वाचायला सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले.

वहिनीसाठी फ्लॉवरचा स्टेक होता. म्हणजे मधोमध कापलेला फ्लॉवरचा एक जाड काप, तव्यावर भाजलेला, खाली कसलीशी हिरवी चटणी. वहिनी म्हणाली, "एवढा तुकडा मी भाजीत टाकला तर सासूबाई म्हणतील, चिरायचा कंटाळा केला." आई म्हणाली, "म्हणेनच." आईला वेटरनं ताजी सुरमई सुचवली. अलिबागच्या माणसाला आषाढात ताजी सुरमई! "ताजी कुठून आणली? १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला असतात." तो मुलगा गडबडला, मग म्हणाला, सामन आहे, नॉर्वेचा. आईनं क्षणभर विचार केला, बंदीच्या दिवसांत नॉर्वेचा मासा पाळीत बसतो की नाही, आणि मान डोलावली.

वाइन दादानं मागवली, इथल्याच द्राक्षांची. नाशिकमध्ये आता हे इतकं सहज झालंय की विसरायला होतं, पहिल्या मोठ्या वायनरीची बाटली बाजारात आली ती २०००मध्ये. त्याआधी आमच्या पिंपळगावच्या काकांना विचारलं असतं तर द्राक्ष म्हणजे खायचं, नाहीतर बेदाण्याचं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग थंडीत औषधं मारत रात्री जागवायच्या. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची असतात. काकांच्या भाषेत, टाकाऊ. त्या सालीतूनच लाल वाइनचा तुरटपणा येतो. मांसातली चरबी आणि प्रथिनं तो तुरटपणा बोथट करतात, म्हणून जोडी जमते. अण्णांनी एक घोट घेतला. "जांभळासारखं," म्हणाले आणि पेला बाजूला ठेवला.

मग तो मुलगा अण्णांकडे वळला. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की अण्णांसाठी लॅम्ब चॉप सांगायचे, नीट शिजलेले, म्हणजे दातांना त्रास नको. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "टेंडरलॉइन कशाचं?"

"बफ, सर."

"द्या. मीडियम. मिरी जाडी कुटून. आणि तव्यावरून काढलं की लगेच कापू नका, पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग आणा."

वेटरनं लिहून घेतलं. आमच्या टेबलावर कुणी काही बोलेना. चिरंजीवांच्या चेहऱ्यावर असे भाव, की अण्णांनी अचानक जर्मन बोलायला सुरुवात केली. काढल्यावर थांबायचं, त्यानं रस आतच राहतो, हा त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा. त्यांनी तो कुणाला अजून सांगितला नव्हता, आज सांगणार होते.

आईनं विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

अण्णांनी नॅपकिनची घडी मोडली, परत घातली. "इगतपुरीला," ते म्हणाले.

१९७६ साली अण्णा प्रेसच्या हॉकी संघात होते. हे आम्हाला माहीत होतं, फोटो आहे. रेल्वेच्या संघाशी इगतपुरीला सामने व्हायचे, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते त्यांच्या सेंटर हाफचं. रेल्वे कॉलनीतला अँग्लो-इंडियन मुलगा, अण्णांच्याच वयाचा. त्याचे वडील कसाऱ्याच्या घाटात गाडीला मागून लावतात त्या बँकर इंजिनावर ड्रायव्हर होते. सदतीस फुटांना एक फूट चढ, पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायचं. सामना संपला की शेवटची गाडी चुकायची आणि अण्णा त्यांच्याकडे मुक्कामाला. त्याची आई बिडाच्या तव्यावर जाड तुकडा भाजायची, मिरी, मीठ, थोडं व्हिनेगर, बाजूला तळलेला कांदा आणि बटाटे. तवा उतरवला की घड्याळ दाखवून म्हणायची, थांबा. त्या पाच मिनिटांत ती प्रार्थना करायची. अण्णा हात जोडून बसायचे.

"किती वेळा?" आईनं विचारलं.

"पाच-सहा."

"कशाचं होतं?"

"विचारलं नाही."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. पंचाहत्तरीच्या जेवणाला, बुधवारी, एवढा मुहूर्त काढून. वहिनीनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच धरून ठेवला. १९७७मध्ये लग्न झाल्यापासून आईनं या माणसाच्या डब्यात काय घातलं, उपासाला काय दिलं, सगळं तिला पाठ आहे. आणि त्याच्या पलीकडे एक तवा होता, ज्याची तिला खबर नव्हती.

आई बराच वेळ अण्णांकडे बघत होती. मग म्हणाली, "आणि माझी सुरमई जरा कमी तळली गेली की ताट सारता. कच्चं राहिलं म्हणून."

दादा आधी हसला. मग सगळेच.

प्लेट आली. तुकडा वरून काळसर, कापल्यावर आत गुलाबी. चिरंजीव श्वास रोखून बघत होते. अण्णांनी पहिला घास सावकाश चावला. मी विचारलं, तसंच लागतंय का? ते म्हणाले, "नाही. तवा वेगळा आहे." दोन घासांनंतर त्यांनी प्लेट नातवाकडे सरकवली, आणि आईच्या सामनमधला एक तुकडा काट्यानं उचलून खाल्ला. आईनं काही म्हटलं नाही. तिनं माशाचं साल तेवढं त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, कारण ते त्यांना कुरकुरीत आवडतं.

बिल आलं ते अण्णांनी मागून घेतलं. जेवणावर १८ टक्के जीएसटी का, साध्या हॉटेलात तर पाच असतो, हे त्यांनी विचारलं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असतं, तिथल्या जेवणालाही तोच दर, असं दादानं सांगितलं. "आपण कुठे झोपलो?" अण्णा म्हणाले. वाइनचा कर वेगळ्या ओळीत, कारण दारू जीएसटीत नाही, तिथे राज्याचा व्हॅट. दादानं मोबाइल पुढे करून पैसे भरले. टिप ठेवायला अण्णांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि ठेवण्याआधी सवयीनं दिव्यासमोर धरली. नोटांचा कागद कापसाचा असतो, लाकडाच्या लगद्याचा नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणी शेकडो वेळा सांगितलंय. इगतपुरीबद्दल एकदाही नाही.

परतताना पाऊस थांबला होता. द्वारकेच्या सिग्नलला मी आरशातून विचारलं, "तो मित्र आता कुठे असतो, अण्णा?"

"ऑस्ट्रेलियाला गेले सगळे. ऐंशीच्या आसपास. तिकडून एक पत्र आलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं." आणि खिडकीची काच थोडी खाली केली.

शुक्रवारी दुपारी मी आईकडे गेले तर अण्णा आणि चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. अण्णा आडनावाचं स्पेलिंग एकेक अक्षर सांगत होते, चिरंजीव टाइप करत होते. पर्थमध्ये या नावाचे चार निघाले होते, मेलबर्नमध्ये सात. एकाच्या फोटोत मागे हॉकी स्टिक टांगलेली दिसत होती, पण माणूस फार तरुण होता. अण्णा म्हणाले, "मुलगा असेल. नाक तेच आहे."

"काय लिहू, आजोबा?"

अण्णा विचार करत राहिले. आतून, मसाला भाजता भाजता, आईचा आवाज आला, "आधी विचारा त्यांना, कशाचं होतं ते."